सदस्य अनुपस्थित

"तुम्ही कुणाला मारत नाही, कुणाला नाही म्हणत नाही, कुठं सहीसुद्धा करत नाही. तुम्ही फक्त चहाला बोलावता," मोत्र्या म्हणाली. "माणूस चहा पिऊन परत येईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. ज्यांनी तुम्हाला पाठवलंय ना, त्यांना सांगा, गुरांच्या डॉक्टरलासुद्धा एवढं कळतं."

होर्दी हसला. तो पक्षाचा प्रतोद होता. हसणं त्याच्या कामाचाच भाग. संसदेच्या उपाहारगृहातलं कोपऱ्यातलं टेबल त्याने धरून ठेवलं होतं. दोन पेल्यांत चहा, वर लिंबाची चकती, बशीत पनीरचे गोड वडे. खिडक्यांना वाळूची पोती रचलेली, त्यामुळे भर सकाळी दिवे लावावे लागत.

"सावीव्हना, घोट तरी घ्या. विष नाही घातलेलं."

"घातलं असतं तर बरं होतं. विषबाधेवरचा उपाय मला येतो."

मोत्र्या सावीव्हना होरोबेत्स. सीमेलगतच्या जिल्ह्यात तिने उभं आयुष्य गाईंच्या पोटात हात घालून वासरं बाहेर काढली. मागच्या निवडणुकीत एका नव्याकोऱ्या पक्षाला उमेदवार मिळेनात, म्हणून कुणीतरी तिला उभं केलं आणि लाटेबरोबर ती कीवला येऊन पडली. आली होती पाच वर्षांसाठी. मग युद्ध सुरू झालं, युद्धात निवडणूक होत नाही, म्हणून ती अजून इथंच. शेवटच्या रांगेत. पत्रकारांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिच्याच पक्षातली टाय लावलेली पोरं ती आली की मागून हळूच हंबरत. ती मागे वळून म्हणे, "लाळ्या-खुरकूत झालाय का रे? जीभ दाखव."

या बाईने आयुष्यात एकच दुरुस्ती मांडली होती, सैन्यभरतीच्या नव्या कायद्याला. चार ओळींची. जो सैनिक सलग तीन वर्षं सेवेत आहे, त्याला घरी सोडा.

संसदेची रीत अशी होती. कायद्याच्या मसुद्यावर सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या अध्यक्ष एकामागून एक पुकारतो. सुचवणारा उभा राहिला, तर त्याला एक मिनिट बोलायला मिळतं आणि त्याची दुरुस्ती मताला टाकावीच लागते. उभा राहिला नाही, तर अध्यक्ष म्हणतो, "सदस्य अनुपस्थित, पुढे." संपलं. चर्चा नाही, मतदान नाही, कुणाचं बोट कुठल्या बटणावर होतं याची नोंद नाही. या कायद्यावर तर हजारांनी दुरुस्त्या होत्या. त्यातल्या किती अशा चहाच्या पेल्यात बुडाल्या, ते बुडवणाऱ्यांनाच माहीत.

"तुमचं म्हणणं खोटं नाही," होर्दी म्हणाला. "पण तीन वर्षंवाल्यांना सोडलं तर खंदकात कोण उभं राहणार? शत्रू तीस किलोमीटर पुढे सरकला तर तुमचाच जिल्हा जाईल आधी."

"बदली माणसं तुम्ही शोधा. ते तुमचं काम. तुम्हाला ती सापडत नाहीत, कारण जी सहज सापडतील त्यांचे बाप तुमच्या शेजारी बसतात."

"हे कागदावर सिद्ध करता येणार नाही."

"नाहीच येणार. कागद तुमच्याकडे आहेत."

होर्दीने वड्याचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा नंबर दुपारी लागेल. त्या वेळी तुम्ही इथं बसा. आजचं बीटाचं सूप बरं झालंय म्हणतात. एवढंच."

"आणि?"

"आणि तुमचा आघाडीवरचा उस्तीम. इथं कीवमध्ये, मुख्यालयाच्या वाहन विभागात मेकॅनिक पाहिजे. जागा रिकामी आहे. या आठवड्यात कागद निघेल. रात्री घरी झोपायला येईल पोरगा, तुमच्याकडेच."

मोत्र्याने पेला खाली ठेवला. ती रागावली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती रागावली नाही. तिला आधी आनंद झाला. आपल्या भाड्याच्या खोलीत बाहेरच्या पलंगावर उस्तीम पालथा झोपलाय आणि त्याच्या टाचा पांघरुणाबाहेर आल्यात, असं तिला त्या उपाहारगृहात बसल्या बसल्या लख्ख दिसलं. मग तिने पेला होर्दीकडे सरकवला आणि ती उठली.

सभागृहात आकड्यांची गिरणी चालू होती. "सदस्य अनुपस्थित, पुढे. सदस्य अनुपस्थित, पुढे." प्रेक्षकांची गॅलरी रिकामी, युद्धात बैठकीची वेळसुद्धा बाहेर सांगत नसत, की टीव्हीवर दाखवत नसत. शेजारच्या खुर्चीत तिमीश पेंगत होता. जुना खाण इंजिनियर, तिच्यासारखाच लाटेवर आलेला.

"प्यालीस चहा?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तोंडावर लिहिलंय. काय दिलं?"

"उस्तीम."

तिमीशने डोळे उघडले. "मला गेल्या वर्षी जावयाची बदली मिळाली होती. मी प्यालो. दोन पेले प्यालो." तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. "तुला मी काही सांगणार नाही, सावीव्हना. जो चहा प्यालाय त्याने गप्प बसावं."

सकाळी संसदेबाहेर बॅरिकेडपाशी सैनिकांच्या बायका उभ्या होत्या. पुठ्ठ्याच्या पाट्या, चिखलात भिजलेले बूट, कडेवर पोरं. त्यातली एक, नाक लाल झालेली, तिला ओळखून ओरडली होती, "मावशी, आत जाऊन झोपू नका हं! आम्ही इथं थंडीत तुमची बदनामी करत उभ्या आहोत!" सगळ्या हसल्या होत्या. मोत्र्याही हसली होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. क्षेपणास्त्रं निघाली होती. अध्यक्षांनी कामकाज थांबवलं आणि कायदे करणारे सगळे जिन्याने खाली तळघरात उतरले, शाळेची पोरं उतरतात तसे, थट्टा करत, ढकलाढकली करत. मोत्र्या भिंतीला टेकून उभी राहिली. उस्तीमकडून रोज सकाळी एक अधिकचं चिन्ह यायचं. नुसतं अधिक. जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ; सगळ्या आघाडीवरून सगळ्या घरांना तेच जातं. आजचं आलं होतं. याचा अर्थ त्याच्याकडे रेंज होती. तिने फोन लावला.

"आई? काय झालं? घरी काही झालं?"

"काही नाही झालं. तू जेवलास का?"

"हे विचारायला फोन केलास? डबा उघडून खाल्लं थंडच. बोल लवकर, इथं उभं राहता येत नाही."

तिने सांगितलं. होर्दी, चहा, वाहन विभाग, सगळं. गाईला काय झालंय ते मालकाला सांगावं तसं, एकही शब्द न चघळता.

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला, तो आडोशाला सरकत असावा.

"उस्तीम?"

"मला कशाला विचारतेस?" त्याचा आवाज चिडलेला होता. "मला विचारू नको. मला विचारलंस तर मी येतो म्हणेन. आत्ता येतो म्हणेन, एकच बूट घालून. मी काही हिरो नाही, आई."

"मला माहीत आहे."

"इथं कुणीच नाही. माझ्या खंदकातल्या कोस्त्याला विचार, कोस्त्यापण येईल. पावलोपण येईल. पावलोला तर येण्याआधी अंघोळ घालावी लागेल." तो हसायला गेला, ते खोकल्यासारखं निघालं. "इतकी वर्षं बटणं दाबलीस ती मला विचारून दाबलीस का? नाही ना? मग आज का माझ्या डोक्यावर टाकतेस? तू तिथं आहेस. तूच काय ते कर."

"बरं."

"आणि काय केलंस ते मला सांगू नको. नको म्हणजे नको. ठेवतो."

फोन बंद झाला. मोत्र्याने तो पदराखाली धरावा तसा कोटाच्या आत छातीशी धरला. बाजूला दोन सदस्य पुढच्या सुट्टीत मुलांना आल्प्सला पाठवायचं की समुद्राकाठी, यावर वाद घालत होते. ते तिने ऐकलं. सगळं ऐकलं.

पोराने तिला मोकळं केलं नव्हतं. 'आई, तू उभी राहा,' असं तो म्हणाला असता तर तिचं काम सोपं झालं असतं. जे व्हायचं त्याचा निम्मा भार त्याने उचलला असता. त्याने तो उचलला नाही. त्याला घरी यायचं होतं, हे त्याने तिला स्वच्छ सांगून टाकलं होतं. आता ती जे करणार होती ते एकटीचं होतं.

भोंगा थांबला. सगळे वर आले, गिरणी पुन्हा सुरू झाली. दुरुस्त्यांचे आकडे तिच्या आकड्याजवळ सरकू लागले. होर्दी दारात आला. त्याने दाराची एक फळी हाताने उघडी धरली आणि मोत्र्याकडे बघत राहिला, म्हातारीला वाट करून द्यावी तसा, अगदी सभ्यपणे.

"दोन हजार एकशे तेरा. सदस्य अनुपस्थित, पुढे. दोन हजार एकशे चौदा. सदस्या होरोबेत्स."

मोत्र्या उभी राहिली. तिमीशने तिचा मायक्रोफोन चालू करून दिला.

"मी मताचा आग्रह धरते," ती म्हणाली. दारातली फळी हळूच मिटली. "आमच्या जिल्ह्यात शवपेटीची गाडी येते तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यावर बसतं. मीही बसते. उठताना शेजारची बाई मला हात देते आणि विचारते, माझ्या नवऱ्याचं कधी? मी म्हणते, बघते. इतकी वर्षं मी बघतेच आहे. तुम्ही म्हणता, बदलीला माणसं नाहीत, म्हणून कुणालाच सोडता येत नाही. मी मानलं असतं. पण आज सकाळी याच इमारतीत मला माझा मुलगा परत देऊ केला गेला. अट एकच, आत्ता मी या खुर्चीत नसावं."

पुढच्या रांगेतला एक जण पूर्ण मागे वळून बसला. मंत्र्यांच्या कठड्यामागे कुणीतरी फोन उलटा ठेवला.

"देणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. तो निरोप्या आहे. माझा मुलगा आता यायचा नाही, ते मला समजतं. पण..."

मिनिट संपलं. मायक्रोफोनचा दिवा विझला. अध्यक्षांनी घाईने दुरुस्ती मताला टाकली. फलकावर आकडे धावले आणि थांबले. दोनशे सव्वीस मतं हवी होती. एकशे अठ्ठ्याहत्तर पडली. तिमीशच्या नावापुढे हिरवा दिवा होता. तो खाली बघत होता.

"निर्णय संमत नाही. दोन हजार एकशे पंधरा. सदस्य अनुपस्थित, पुढे. दोन हजार एकशे सोळा..." अध्यक्ष थबकले. "सदस्या होरोबेत्स, आपण बसा."

मोत्र्या बसली नाही. मायक्रोफोन बंद होता, पण तिचा आवाज गोठ्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारून कमावलेला होता. ती मंत्र्यांच्या कठड्याकडे वळली.

"सगळ्यांना सोडणारा कायदा नाही, तो तुम्ही आत्ताच पाडलात. ठीक आहे. मग एकट्या माझ्या पोराला सकाळी तुम्ही सोडणार होता, ते कुठल्या कलमाखाली?"

"सदस्या, खाली बसा."

"मी उभी आहे. सांगा. कुठल्या कलमाखाली?"