साबणदाणीतले आभाळ

धर्माजीने खाडीला बांध घातला. धर्माजीचा पुत्र गोमाजी. त्याने बांधाला उघाडी बसवली, भरतीला दार दिले. गोमाजीचा पुत्र हसुराम. त्याने त्या दारातून आत आलेल्या पाण्याला उन्हात निजायला आणि शुभ्र होऊन उठायला शिकवले. आणि हसुरामाची कन्या कुंदा. आधी ही नावे घ्यावीत, ताठ उभे राहून घ्यावीत. मग पुढे पाहावे.

पुढे सारे मिठागर पसरले आहे. वाफ्यामागे वाफा, आरशामागे आरसा. पहिल्या आरशात आभाळ निळे, दुसऱ्यात करडे, तिसऱ्यात गुलाबी. आणि अखेरच्या आरशात आभाळ उरतच नाही, तिथे केवळ शुभ्रता स्फटिकते. फाल्गुन सरतो, चैत्र चढतो, आणि बांधाच्या कडेने मिठाच्या राशी उभ्या राहतात. जणू तळपत्या उन्हाने आपलीच धवल देवळे बांधली आहेत.

त्या देवळांना भय एकच. अवकाळी जलधारांचे.

पाऊस रानात पडला तर रान हसते. पाऊस मिठागरात पडला तर चार महिन्यांचा घाम आल्या वाटेने समुद्राकडे परत जातो, आणि त्याला हाक मारता येत नाही.

कुंदा जन्मली तो दिवस चैत्राचाच होता. लेकीचे मुख पाहायला हसुराम गावात गेला आणि त्याची रास उघडी राहिली. शेजारच्या आगराचा धनी आंबो पाटील तेव्हा ऐन उमेदीत होता, आणि त्याचे नाक पंचक्रोशीत विख्यात होते. स्वच्छ, निरभ्र, निळ्याशार दुपारी त्या नाकाला पाऊस आला. आंबोने आधी हसुरामाची रास झाकली. स्वतःच्या राशीपाशी पोहोचेपर्यंत पाऊस कोसळून तिचे दूध झाले होते.

मिठागराची एक रीत आहे. पावसाचे ऋण पावसानेच फेडायचे. मीठ देऊन नाही, भात देऊन नाही, पैसा देऊन तर नाहीच. ज्याने तुझी रास झाकली त्याची रास तू झाकायचीस, आणि तीही त्याच्या आधी पाऊस ओळखून.

पण आंबोच्या आधी पाऊस कोण ओळखणार? वर्षे आली, वर्षे गेली. हसुराम पश्चिमेकडे डोळे लावून म्हातारा झाला, आणि दर खेपेला आंबोचीच आरोळी आधी उठली. हसुराम गेला तो खाटेवर, पश्चिमेच्या खिडकीशी. लेकीचा हात हातात घेऊन एवढेच म्हणाला, "आंबोचा पाऊस रायला गो."

ते राहिलेले तिने उचलले. वाफे उचलले, फावडे उचलले, बांध उचलला, आणि त्या साऱ्यांहून जड असलेला तो एक पाऊस.

परंतु ऋणाच्याही आधी तिच्या मनात एक कुतूहल होते. बालपणापासूनचे, चिमुकले, न विझणारे. आंबोनानाच्या नाकाला नेमके काय येते? गंध म्हणावा तर तो कशाचा? न पडलेल्या पावसाला वास कुठला?

"पाऊस आधी नाकात परतो, मंग रानात," आंबो सांगे, आणि मिशीत हसे. यापलीकडे त्यालाही ठाऊक नव्हते. फुलाला आपला परिमळ कुठे ठाऊक असतो!

कुंदा बापाचे आगर सांभाळायला परतली त्यापूर्वी अनेक वर्षे शहराच्या एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जुळवीत होती. तिच्या बोटांना सोल्डरच्या धुराची सवय होती, रुपेरी थेंब नेमका ठेवण्याची सवय होती. तिने त्या नाकाची उकल मांडली. वास म्हणजे हवेतली ओल. वास म्हणजे हवेचे हलके होणारे वजन. वास म्हणजे वळणारा वारा. तीन धागे सोडवले, आणि आता तिला ते पुन्हा विणायचे होते.

अंगठ्याएवढा एक मायक्रोकंट्रोलर, हिरव्या पाटीवरचा काळा तीळ, साऱ्या यंत्राचा मेंदू. ओल मोजणारा सेन्सर, वजन मोजणारा सेन्सर. पोरांच्या खेळातल्या एका चेंडूची दोन शकले, दुसऱ्या चेंडूची आणखी दोन, आणि चौघांची मिळून वाऱ्यावर गरगरणारी फिरकी. डब्याच्या पत्र्यातून तिने एक मासा कापला, शेपटीला रुंद, तोंडाला निमुळता. तो वाऱ्याकडे तोंड करून पोहायचा. उन्हाने सेन्सर तापू नयेत म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या घालून एकावर एक ओवल्या. हे सारे बांबूवर, मिठाच्या कोठाराच्या वळचणीशी चढवले.

आणि बांबूवरचे ते गुज तारेवाचून, दोऱ्यावाचून, हवेतून हवेत येऊन जिथे उमटायचे, तो इवलासा पडदा आणि इशाऱ्याला थरथरणारी एक चकती तिने एका गुलाबी साबणदाणीत बसवली. साबणदाणी पदराशी खोचली. आभाळ कमरेला लावून ती वाफ्यावाफ्यांतून हिंडू लागली.

"काय गो कुंदे," पैलबांधावरून आंबो ओरडला, "बांबूवर बशा कनाला टांगल्यास? आभालाला चाय पाजतेस?"

"तुमच्या नाकाला जोडीदार करताव, नाना!"

"एका नाकाचाच पडसा आवरत नाय, दोन कोन पुसनार?"

बांधावरचे फावडे थांबले, हशा उसळला, आणि शुभ्र राशींवरून घरंगळत गेला.

पहिल्या पंधरवड्यात त्या यंत्राने कुंदाची लाज काढली. साबणदाणीत ओलीचा आकडा चढला, चढतच राहिला, शिखरावर जाऊन बसला. ती धावली, धापा टाकीत आंबोची रास झाकली, दगड ठेवले, आणि वर पाहिले. वर जळजळीत, निर्लज्ज, निष्कलंक ऊन. सांजेपर्यंत एक ढग फिरकला नाही.

"कुंदेचा पाऊस सुका परला!" सारे आगर आठवडाभर गात होते. आंबो गायला नाही. तो फक्त बांबूखाली येऊन उभा राहिला, मान वर केली आणि गंभीरपणे म्हणाला, "पोरी, तुजा डबा सर्दीनं भरलाय."

थट्टाच ती. पण कुंदाने बशा उतरवल्या, आणि थट्टेच्या पोटात सत्य चमकताना पाहिले. राशींवरून उडालेल्या मिठाचा सूक्ष्म, शुभ्र, साखरी थर सेन्सरवर बसला होता. मीठ हवेतले पाणी पिते. कोरड्या दुपारीही ते मीठ ओल धरून बसले होते, आणि बिचारा सेन्सर ती ओल आभाळाची समजून पुकारत होता. मिठाच्या लेकीने आपले नाक मिठातच पुरले होते!

ती हसली. मग तिने शोधले, वाचले, आणि एक गोष्ट वाचून थक्क झाली. ओल्या मिठावर झाकण घट्ट लावले, तर बरणीतली हवा नेहमी एकाच ओलीला येऊन ठरते, शंभरात पंचाहत्तर. राजाच्या महालात तेवढीच, आगऱ्याच्या झोपडीत तेवढीच. ज्याने यंत्र फसवले, त्याच मिठाने यंत्र पारखता येत होते.

तिने नवा सेन्सर घेतला, त्याला बारीक जाळीचे कापड पांघरले, आणि आंबोपाशी मूठभर मीठ मागितले.

"माजाच कनाला? तुज्या राशीला काय बुरशी आली?"

"पारख दुसऱ्याच्या मिठावर करावी, नाना. आपला आपल्याला खराच वाटतो."

म्हातारा वाकला. मग राशीच्या गाभ्यातून, जिथे हात लागला नव्हता तिथून, त्याने ओंजळ भरून दिली. "घे. खोटा बोलनार नाय."

ओले मीठ आणि सेन्सर आत ठेवून बरणी मिटली. रात्र गेली. सकाळी आकडा उभा होता: पंचाहत्तर. कुंदाने तो आकडा नुसता पाहिला नाही. तिने त्याला नमस्कार केला. मग बांबू कोठारापासून हलवून, राशींपासून दूर, वाऱ्याच्या तोंडावर, गोमाजीच्या उघाडीवर रोवला. पत्र्याचा मासा पश्चिमेकडे तोंड करून पोहू लागला.

चैत्राच्या उत्तरार्धात गावदेवीची पालखी निघाली. आगर रिकामे झाले. ढोलांचा नाद दूर गावातून येत होता, आणि इथे केवळ ऊन, निःशब्द, विस्तीर्ण, स्फटिकमय ऊन. आंबोचा गुडघा पालखीला चालेना, म्हणून तो राशीच्या सावलीत निजला होता. कुंदा दूरच्या बांधावर खेकड्याने पाडलेले बीळ चिखलाने बुजवीत होती.

तेव्हा साबणदाणी थरथरली.

हवेचे वजन घसरले होते. ओल चढत होती. वाऱ्याने दिशा सोडली होती. तिने उघाडीकडे पाहिले. पत्र्याचा मासा वळला होता. तिने आभाळाकडे पाहिले. आभाळ निळेच होते. सुक्या पावसाचे गाणे तिच्या कानांत पुन्हा वाजले. कुणावर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर की त्या गुलाबी डबीवर? मग तिला बरणी आठवली, बरणीतले मीठ आठवले. आणि ती धावली.

वाटेत तिची स्वतःची रास लागली. सबंध हंगामाची, एकुलती, उत्तुंग, हिरकणीसारखी रास. पायथ्याशी ताडपत्री घडी घालून ठेवलेली. थांबली असती तर हातात आली असती.

ती थांबली नाही.

"नाना, उठा! ताडपत्री धरा!"

आंबोने डोळे किलकिले केले, नाक वर केले, हवा ओढली. "वास नाय गो. मागल्यावानीच तुजा डबा..."

"उठा म्हनताव ना! तो कोपरा वढा!"

असा आवाज त्या बांधावर हसुरामाच्या आईनंतर कुणाचा उठला नव्हता. म्हातारा उठला. त्याने कोपरा ओढला, तिने कोपरा ओढला, निळी ताडपत्री शुभ्र शिखरावर चढली, दगडावर दगड बसला. आणि अर्ध्यातच आंबो थबकला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. त्याचा चेहरा तान्ह्या पोरासारखा चकित झाला.

"आला," तो पुटपुटला. "वास आत्ता आला गो."

मग पश्चिम काळवंडली. मग त्याला भान आले. "अगो येरे, तुजी रास! तुजी उघरी! धाव!"

"आधी हा खुंट," कुंदा म्हणाली, आणि खुंट ठोकला.

दोघे धावले, आंबो लंगडतच. वाऱ्याने तिच्या हातची ताडपत्री उडवली, वाफ्यांवरून फडफडत नेली, खाडीत टाकली. पाऊस आला तो सरळ, सघन, सहस्रधार. हिरकणीचे शिखर खचले, खांदे ओघळले, कटी वितळली. जिथे देऊळ होते तिथे दुधाचा ओढा झाला. आंबोने दोन्ही हातांनी मीठ कवळून पाहिले. ते बोटांतून गेले. चाळीस वर्षांपूर्वी त्याचे गेले होते, तसेच.

पावसात दोघे उभे राहिले.

मग आंबोने पागोटे उतरवले. भिजले मस्तक पश्चिमेकडे, जिकडे हसुरामाचे डोळे लागलेले असत तिकडे वळवले, आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसे मोठ्याने म्हणाला, "हसू रं, तुजा पाऊस फिटला! पुरा फिटला!"

मग कुंदाकडे वळून, नाक पुसत, हळूच, "तुजी ती डबी बगू दे जरा. वास कंच्या बाजूनं शिरतो तिच्यात?"

तिने साबणदाणी त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली. दोन मस्तके एका इवल्या उजेडावर वाकली. आणि मीठ निघाले. हसुरामाच्या वाफ्यातून, गोमाजीच्या उघाडीतून, धर्माजीच्या बांधाला वळसा घालून, शुभ्र, संथ, हलके होत, खाडीकडे, समुद्राकडे, घराकडे.