कोबी संपायच्या आत

दिग्दर्शक म्हणून पहिल्याच चित्रपटात प्यो इन्होने एक शहाणपणा केला. किमची, म्हणजे कोबीचं तिखट कोरियन लोणचं, घालण्याचा प्रसंग त्याने हेनामला, आपल्या गावी, स्वतःच्या आईच्याच अंगणात, शेजारणींच्या खऱ्या किमचीच्या दिवशी घ्यायचं ठरवलं. कोबी फुकट, बायका फुकट, थंडीही फुकट. निर्माता इतका खूश झाला, की त्याने या प्रसंगासाठी दुसरा दिवस ठेवलाच नाही.

प्रसंग साधा होता. मुलगा बँकेतली नोकरी सोडल्याचं सांगतो आणि आई कोबीच्या पानांत मसाला भरता भरता रडते. आई झालेल्या ग्वाकबाई रडण्यासाठीच प्रसिद्ध होत्या.

पहिल्या टेकला त्या रडल्याही. तेवढ्यात मागून शेजारच्या सुनबोककाकू ओरडल्या, "अगं, तिखट इकडे सरकव!"

इन्हो 'कट' म्हणाला. कॅमेरा थांबला. बायका थांबल्या नाहीत.

"काकू, परत घ्यायचंय."

"घे की. आम्ही कुठे अडवलंय?"

"तसं नाही, मघाचाच कोबी लागेल. मसाला पुसून."



"मसाला पुसून?" काकूंनी इन्होच्या आईकडे पाहिलं. "पोराला सोल शहरात पाठवलंस ना, भोग आता."

मिठातून काढून निथळलेला कोबी ताटकळत ठेवता येत नाही, हे इन्होलाही ठाऊक होतं. त्यात पोराला अंगण लवकर मोकळं मिळावं म्हणून बायकांनी हात आणखी भरभर चालवले. प्रत्येक टेकला ढीग खाली आणि इन्होचा जीव वर. शेवटी एकच टोपलं उरलं, आणि तोवर ग्वाकबाईंचे डोळे आटले होते.

इन्होची आई ओट्यावर उकडलेलं डुकराचं मांस कापत होती. इन्हो तिच्याजवळ येऊन बसला.

"ही बाई एवढी का रडते रे?"

"मुलाने नोकरी सोडली म्हणून."

"तू सोडलीस तेव्हा मी रडले होते?"

"नाही."

"मग काय केलं होतं?"

तो आठवून बोलणार, तेवढ्यात तिने ताज्या किमचीच्या पानात मांसाचा तुकडा गुंडाळून त्याच्या तोंडात कोंबला. तेव्हाही हेच केलं होतं. तोंड भरलेल्या माणसाला माफीसुद्धा मागता येत नाही.

घास चावतच तो ग्वाकबाईंकडे गेला आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आणि माझं रडणं?"

"नको."

बाईंनी अपमान गिळला आणि लाल हातमोजे वर ओढले. मुलाचं काम करणाऱ्या नटाला कोणी काही सांगितलं नाही.

"आई, मी नोकरी सो—"

पान तोंडात गेलं. तो दचकला. मग चावू लागला. तिखटाने की कशाने, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्वाकबाईंनी त्याच्याकडे न बघता दुसरं पान फाडलं. बायकांचे हात चालूच होते. 'कट' म्हणायचं असतं, हे इन्हो विसरूनच गेला.

"झालं का रे?" टोपलं रिकामं करत सुनबोककाकूंनी विचारलं. "धुवायला घेऊ?"

"झालं," इन्हो म्हणाला.

काकूंचं ते 'झालं का रे?' त्याने चित्रपटात ठेवलं.