तीन मीटर वायर आणि काकूंची खुर्ची

काकूंची खुर्ची खिडकीतून उठली ती तीन मीटर वायरीपायी.

काकूंच्या थोरल्या मुलाने स्पीकरसाठी तीन मीटर नवी वायर आणली. करंगळीएवढी जाड, वरून विणलेलं जाळं, जणू घरात साप पाळलाय. पण खिडकीपलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ती पुरेना. मग उजवा स्पीकर खिडकीत आला आणि काकू आतल्या खोलीत, कपाटासमोर. खिडकीतून गल्लीतलं प्रत्येक दार दिसायचं. कपाटाकडे कोण येतंय नि कोण जातंय!

थोरला डोळे मिटून गाणं ऐकत होता. म्हणाला, आवाज कसा मोकळा झालाय, भिंतीच नाहीत असं वाटतं. काकूंना भिंती दिसत होत्या, गाण्यातला ढोल तेवढा गायब होता. गाणारी बाई आधी बरोबर मधोमध बसायची, ती आता घरभर हरवल्यासारखी भटकत होती. थोरल्याने समजावलं, वायर रुळायला शंभर तास लागतात. काकू म्हणाल्या, सूनसुद्धा याहून लवकर रुळली. स्वयंपाकघरातून सूनबाई खोकल्या.

काकूंची शाळा दुसरीत सुटली होती, पण वाइंडिंगच्या दुकानात पंख्यांच्या कॉइल भरण्यात तीस वर्षं गेली होती. थोरला अंघोळीला गेला तशा त्या वाकल्या. वायरीतल्या दोन तारांपैकी एकीवर बारीक पांढरी रेघ. डाव्या स्पीकरला रेघेची तार लाल खुंटीत, उजव्याला काळ्या. म्हणजे एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, जावाजावांचा संसार. ढोल मरणार नाही तर काय?

काकूंनी टोकांना हात लावला नाही. वायरीवर चादर टाकली आणि थोरला येताच म्हणाल्या, "मी दोनदा लावते, एकदा नवी, एकदा जुनी. नवी कुठली ते सांग. ओळखलंस तर मी कपाटासमोरच काय, कपाटात जाऊन बसते. चुकलास तर खिडकी माझी."

त्याला आत पिटाळून पहिल्या खेपेला त्यांनी नवी होती तशीच ठेवून नुसती खुडबुड केली. दुसऱ्या खेपेला टोकं झिजलेली जुनी वायर सरळ जोडली. थोरला ताठ बसला. "ही नवी. ढोल बघ, पोटात वाजतोय. आधीची ती फुसकी."

सूनबाईंनी चादर उचलली आणि हसू लपवायला तीच तोंडावर धरली.

काकूंनी रेघेच्या तारेची चूक सांगितली. "नवी तूच उलटी लावली होतीस," थोरला म्हणाला.

"मी नाही, बाळा. तू."

मग काकूंनी नवीची टोकं नीट लावून दिली. ढोल परत आला, बाईही मधोमध येऊन बसली. विहिरीवरच्या मोटारीपर्यंत न्यायची असेल तर जाड तार हवी, त्या म्हणाल्या, या खोलीत दोन्ही सारख्याच. थोरला बराच वेळ डोळे मिटून बसला आणि हळूच म्हणाला, थोडा फरक आहे.

"असेल. पण तो ऐकायला खिडकीत बसावं लागेल, आणि तिथे मी आहे."

संध्याकाळी उजवा स्पीकर परत कोपऱ्यात गेला आणि जुनी वायर खुर्चीमागून त्याच्यापर्यंत. काकू खिडकीत बसल्या आणि चहाचा कप शेजारच्या स्पीकरवर ठेवला. थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाखाली बशी सरकवली.