पूजेआधी हात लावायचा नाही

जयवंतराव सावंतांचा होकार कधी सुटा मिळत नसे. माहेरी जा, पण गुरुवारी परत ये. कामवाली ठेव, पण स्वयंपाक तूच कर. त्यामुळे सुलक्षणाताईंनी जुना पियानो घ्यायचं म्हटलं आणि ते लगेच "घे की" म्हणाले, तेव्हा इतक्या वर्षांच्या संसाराला शोभेल असा संशय ताईंना यायला हवा होता. आला नाही. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याची अक्कल रजेवर जाते.

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरच्या बायकांपैकी कोणी योगाला लागल्या, कोणी नातवंडांना. सुलक्षणाताई मात्र बोरिवलीच्या आयसी कॉलनीत फिलोमिना टीचरकडे पियानो शिकायला जाऊ लागल्या. क्लासमध्ये बाकी सगळी शाळकरी मुलं. त्यांच्यात ह्या, चष्मा नाकावर सरकवत, भाकरी थापावी तशी बोटं टाकणाऱ्या. उजवा हात बरा चालायचा, डावा रुसून बसायचा. पण एके दिवशी दोन्ही हात एकमेकांना भेटले आणि एक छोटीशी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजली. त्या दिवशी ताई रिक्षा विसरून घरापर्यंत चालत आल्या, आणि वाटेत घ्यायची भाजीही विसरल्या.

टीचर प्रेमळ होती, पण हिशेबाला पक्की. क्लाससाठी रांग लागलेली. "सुलू, दिवाळीनंतर घरी पियानो नसेल तर जागा दुसऱ्याला देणार हां. तो नातवाचा प्लास्टिकचा कीबोर्ड सांगू नको मला. बोटाला पट्टीचं वजन कळलं पाहिजे."

जुना पियानो कसा बघायचा तेही तिनेच शिकवलं. डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबायची. वाजते का, दाबलेली परत वर येते का, बघायचं. मग वरचं झाकण उचलून आतल्या तारांचा गंज बघायचा. पॉलिश सगळ्यात शेवटी. "पॉलिश म्हणजे मेकअप," टीचर म्हणाली. "मेकअपशी लग्न करू नको."

पहिला पियानो तिनेच सुचवला, गोराईचा. नवराबायको होडीने खाडीपलीकडे गेले. एका म्हातारीचं कौलारू घर, शेजारच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. पियानो तपकिरी, एका पायाखाली लाकडाची पाचर, पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळ्या. ताईंनी शिकवल्याप्रमाणे एकेक पट्टी दाबली. डावीकडच्या दोन खोकल्या, बाकीच्या सगळ्या नीट बोलल्या. मग त्यांनी आपली ती चाल वाजवली. म्हातारी हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली.

"माझी पोर वाजवायची," एवढंच म्हणाली.

जयवंतराव तेवढ्या वेळात खाली वाकून वाळवी शोधत होते. "हा? आपल्या नव्या हॉलमध्ये?" ते कुजबुजले. जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला, तेव्हापासून त्यांचा हॉल हा त्यांचा सगळ्यात लाडका नातेवाईक होता. "उचलायला सहा माणसं लागतील. वर दिसायला हा असा. शोकसभेला आणल्यासारखा."

"पण वाजतोय किती छान!"

"दुपारी मी झोपलो असताना पण छानच वाजेल ना?"

परतीच्या होडीत त्यांना खरं कारण सापडलं. "तू तिथे वाजवायला नको होतंस. नव्या वस्तूला पूजेआधी हात लावायचा नाही, ही आपल्या घरची रीत. तू मोडलीस, म्हणून फिसकटलं."

फिसकटवलं होतं त्यांनीच, पण रीत खोटी नव्हती. सावंतांच्या घरी स्कूटर आली होती तेव्हा ती मुहूर्त येईपर्यंत चादर पांघरून उभी होती आणि जयवंतराव पायी स्टेशनवर जात होते. नवा मिक्सर ओट्यावर बसून होता आणि ताई शेजारी पाट्यावर चटणी वाटत होत्या.

पुढच्या आठवड्यात जयवंतरावांनी स्वतःच दुसरा पियानो शोधला. मढला, मालिकांची शूटिंगं चालतात अशा एका बंगल्यात. बंगल्याचा राखणदार नितेश त्यांना आत घेऊन गेला. काळाभोर पियानो, त्यात स्वतःचं तोंड दिसेल असा चकचकीत. जयवंतरावांनी त्यात आपलं तोंड बघितलं आणि केस सारखे केले.

ताईंनी हात पुढे केला.

"अहं! पूजेआधी नाही."

"अहो, निदान झाकण उघडून आत तरी..."

"सुलक्षणा, गोराईला काय झालं ते बघितलंस ना?"

नितेश मान खाजवत म्हणाला, "साहेब, मॅडमना बोललात ना तुम्ही, की हा..."

"बोलतो मी. चल, बाहेर चल, टेम्पोचं ठरवू."

दोघं व्हरांड्यात गेले. ताई पियानोसमोर एकट्या राहिल्या. वाजवून बघायला तेवढा वेळ पुरला असता. पण त्यांनी मनातल्या मनात तोलून पाहिलं: ऐकलं नाही तर हे 'राहू दे मग' म्हणतील, आणि दिवाळी तोंडावर आहे. घर सांभाळणाऱ्या बाईला तोलण्याची सवय असते, आणि तिच्या तराजूत नवऱ्याचा मूड नेहमी जड भरतो. त्यांनी हात पदराखाली घेतला. पैसे ताईंच्या फंडातले होते. निवड जयवंतरावांची झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पियानो आला. दोनच माणसांनी उचलून आणला. मदतीला आलेली जाऊ, शकु, म्हणाली, "कितको हलको गो! नशीब तुझां."

"मढची माणसं ती," जयवंतराव म्हणाले. "होड्या उचलायची सवय."

दसऱ्याला हॉल भरला. पियानोला झेंडूचा हार, झाकणावर हळदकुंकू, समोर नारळ. गाऱ्हाणं घालायला हरेश्वरकाका, घरातले सगळ्यात मोठे. गाऱ्हाण्यात दर वाक्याला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, आणि सावंतांच्या घरात त्यात जयवंतरावांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचायचा.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांच्या घरात नवी वस्तू इली हा, ती मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिका कोणाची वायट नजर लागली असात, तर ती भायर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि आमच्या सुलक्षणाच्या हातान हेच्यातसून गोड सूर येवंदेत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जयवंतराव उदबत्ती नीट खोचत होते.

नारळ फुटला. ताई बसल्या, झाकण उघडलं, पहिली पट्टी दाबली. खट. दुसरी. खट. त्या डावीकडे सरकल्या आणि टीचरने शिकवल्याप्रमाणे एकेक पट्टी दाबत उजवीकडच्या टोकापर्यंत गेल्या. नुसतं लाकूड वाजत राहिलं.

"प्लग लावलास मां?" हरेश्वरकाकांनी विचारलं.

ताई उठल्या. हार बाजूला करून त्यांनी वरचं झाकण उचललं. आत तारा नव्हत्या. काहीच नव्हतं. तळाशी प्लास्टिकचा एक गुलाब पडला होता, धुळीने राखाडी झालेला.

"अगो बाय, हो रिकामोच!" शकु म्हणाली.

"शूटिंगचा आहे तो," जयवंतराव पुढे झाले. "इकडेतिकडे हलवायला सोपा जावा म्हणून आतलं काढून टाकतात. पण दिसतो कसा ते बघा! हॉलची शोभा बघा!"

हॉलची शोभा खरंच वाढली होती. दोघा पाहुण्यांनी मान हलवली. शकुने पियानोला टेकून फोटो काढून घेतला.

पुऱ्या तळायला ताई आत गेल्या. थोड्या वेळाने जयवंतराव वाटीत श्रीखंड घ्यायला आले.

"तुम्हाला ठाऊक होतं," ताई कढईकडे बघत म्हणाल्या.

"काय?"

"काका सूर येवंदेत म्हणाले, तेव्हा तुम्ही होय म्हणाला नाहीत."

जयवंतरावांनी एक पुरी उचलली, बोटाने फोडली, वाफ जाऊ दिली. ते मनापासून दुखावले गेले होते.

"मग काय देवासमोर खोटं बोलू?"

ताईंनी पुढची पुरी तेलात सोडली. पुरी फुगली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोराईला फोन केला. तो पियानो एका शाळेने नेला होता. दिवाळीनंतर टीचरकडच्या त्यांच्या जागेवर एक शाळकरी मुलगी बसू लागली. टीचरने शब्द पाळला, तिला दोष देता येत नाही.

सावंतांच्या हॉलमध्ये पियानोवर आता विणलेला रुमाल आहे, त्यावर टीव्हीचा रिमोट. दुपारी शांतता असते. येणारा प्रत्येक पाहुणा पियानो बघून थबकतो आणि विचारतो, "अरे वा! कोण वाजवतं?"

जयवंतराव स्वयंपाकघराकडे हात करतात.

"आमची ही."