मिहिररावांनी बसवलेलं वायफाय

आमच्या भावोजींना माणसाची पारख शून्य. त्यांना पारख आहे ती पॅकेजची.

श्यामकांत भावोजी म्हणजे माझ्या नीलाताईचे मिस्टर. बोरीवलीत राहतात, बँकेतून रिटायर झालेत. त्यांच्या गार्गीला मुलुंडच्या मिहिरचं स्थळ आलं आणि हे पहिल्याच भेटीत विरघळले. का, तर बायोडेटावर 'सोल्यूशन आर्किटेक्ट' लिहिलं होतं. म्हणजे नक्की काय करतो, हे विचारायची हिंमत कोणाच्या बापाला झाली नाही. मुलगा लिफ्टमधून खाली पोचायच्या आत भावोजींनी हॉलवाल्याला फोन लावला. हॉलवाला म्हणाला, रविवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो, मग दुसऱ्याला देणार. झालं! लग्न गार्गीचं, मुदत हॉलवाल्याची.

गार्गी कार्टून फिल्मना रंग भरायचं काम करते, घरून. ती मला म्हणाली, "मामा, मुलगा वाईट नाहीये रे. पण त्याला माहीत नाही अशी गोष्टच नाही जगात. बोरीवलीत पार्किंग कुठे मिळतं तेही तो मलाच सांगतो!"

"म्हणजे फेकू आहे."

"तेच तर कळत नाहीये ना. खरंच हुशार असला तर? उगाच नाही कशी म्हणू?"

आता मी तिचा मामा. भाचीला अशा वेळी मदत करायची नाही तर मग जन्माला यायचंच कशाला?

तर गार्गीने नुकताच एक छोटा डेस्कटॉप घेतला होता. केवढा, तर जेवणाच्या डब्याएवढा. मस्त चालायचा, पण त्यात वायफाय नव्हतं. त्यासाठी वेगळं कार्ड आणून आत खाचेत बसवायचं. ते आणायला मी गेलो. दुकानात दोन कार्डं होती, एकावर २१०, एकावर २११. मी रुबाबात २११ उचललं. मोठा आकडा, भारी माल! घरी आणलं तर खाचेत फिट बसलं, स्क्रू लागला, ॲन्टेनाच्या दोन वायरी बटणासारख्या टचकन बसल्या. आणि कॉम्प्युटर म्हणतो, कसलं कार्ड? कुठलं कार्ड?

गार्गीने वाचून काढलं. २१० हे पूर्ण कार्ड. २११ अर्धं. त्याचं उरलेलं काम प्रोसेसरने करायचं असतं, आणि ते एकाच कंपनीच्या काही प्रोसेसरना जमतं. हिचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा. खाच तीच, स्क्रू तोच, पण सात जन्मांत चालणार नाही. मग तिने २१० मागवलं. ते आलं, आणि त्याच दिवशी मिहिररावांचा फोन.

"मला न विचारता कॉम्प्युटर घेतलास? आता हात लावू नकोस. रविवारी येतो, वायफाय मी बसवून देतो."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. म्हटलं, "गार्गी, दोन्ही कार्डं टेबलावर ठेव. त्यालाच निवडू दे."

"मामा, ही चीटिंग आहे."

"चीटिंग कसली? येत नसेल तर विचारेल, नाहीतर फोनवर बघेल. तेवढंच बघायचंय ना तुला?"

ती जरा घुटमळली. पण ठेवली.

रविवारी मिहिर आला, सोबत त्याची आई रेवतीबाई. बाई आत नीलाताईबरोबर फोनवर, घरच्या वायफायवरून, लग्नाच्या हॉलच्या सजावटीचे व्हिडिओ बघत बसल्या. भावोजी मिहिरच्या शेजारी असे उभे, जणू ऑपरेशन चाललंय आणि हे टॉवेल धरून आहेत.

मिहिरने दोन्ही पुड्या उचलल्या. प्रोसेसर कुठला, विचारलं नाही. कॉम्प्युटर उघडायच्या आधीच २१० बाजूला फेकलं. "हे जुनं व्हर्जन. दोनशे अकरा लेटेस्ट."

भावोजी म्हणाले, "वा!" काय वा? माझ्यासारख्या ढ माणसाने जी घोडचूक केली तीच हा करत होता, फक्त इंग्लिश ॲक्सेंटमध्ये.

गार्गीने विचारलं, "दोन्हीत फरक काय असतो रे?"

"स्पीड. टेक्निकल आहे, तुला नाही कळणार."

 मी मनात शिट्टी मारली.

कार्ड बसलं. कॉम्प्युटर चालू झाला. वायफायचा पत्ता नाही. मिहिरने बंद करून चालू केला. परत बंद, परत चालू. मग म्हणाला, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे. भावोजींनी धावत जाऊन पंखा बंद केला! आम्ही सगळे घामाघूम, आणि कार्ड ढिम्म.

"राहू दे," गार्गी म्हणाली. "होतं असं. नसेल कळत तर आपण दोघं मिळून वाचू या."

बघा, पोरीने दार उघडून धरलं होतं. आत यायचं फक्त.

"नसेल कळत? मी दिवसभर हेच करतो. फक्त ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर टाकायला पाहिजे. तुम्ही चहा घ्या, मी फोन जरा चार्जिंगला लावतो."

फोनची वायर त्याने कॉम्प्युटरलाच लावली. आणि दोन मिनिटांत "येस्स!" स्क्रीनवर व्हिडिओ चालू. "झालं तुमचं वायफाय. पाहिलंत काका?"

"गार्गी, बघ!" भावोजींनी टाळ्याच वाजवल्या.

गार्गी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आपलंच चुकलं की काय. हा खरंच हुशार आहे की काय.

मी उठलो. पॅसेजमध्ये गेलो आणि घरच्या वायफायच्या राउटरचं बटण खाट्कन बंद केलं.

आतून नीलाताई ओरडली, "अगं बाई, हॉल गेला! थांबलं सगळं. गार्गी, नेट गेलं का गं?"

आणि बाहेरच्या खोलीत मिहिरचा व्हिडिओ झकास चालूच.

गार्गीची ट्यूब पेटली. तिने शांतपणे विचारलं, "मिहिर, घरचं नेट बंद आहे. तुझं कसं चालू?"

"ते... सेव्ह झालेलं असतं. थोडा वेळ चालतं."

तिने हात पुढे केला आणि फोनची वायर काढली. व्हिडिओ जागच्या जागी गोठला.

"तुझ्या फोनचं नेट वायरीतून लावलंस. आणि म्हणालास, वायफाय झालं."

"अगं, टेम्पररी सोल्यूशन होतं. मेन प्रॉब्लेम तुमच्या कॉम्प्युटरचा आहे. हा घेतानाच चुकलंय."

"म्हणजे मी उद्या काम करायला बसले असते आणि तू फोन घेऊन मुलुंडला. मग तू काय सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं की तू काहीतरी सेटिंग बदललंस," मीच म्हणालो. राहवलंच नाही.

"मुकुल, तू गप बस!" भावोजी.

मिहिर वायर गुंडाळायला लागला. नाही म्हणाला नाही.  गार्गी म्हणाली, "बाबा, हॉल सोडून द्या."

"अगं, एवढ्याशा कार्डावरून?"

"हॉलवाल्याला फोन तुम्ही करताय की मी करू?"

भावोजींनी पंखा लावला आणि खुर्चीत बसले. रेवतीबाईंनी पर्स उचलली. ऑफिसात मिहिरला किती मान आहे ते दारापर्यंत सांगत गेल्या. चप्पल घालतानाही सांगत होत्या.

गार्गीने कॉम्प्युटरमधून काढून दिलेलं २११ हातात घेऊन मी लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. मिहिर हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगू? कार्ड बरोबरच होतं. प्रोसेसर बदलून बघा."

म्हटलं, "असेल बाबा. लेटेस्ट आहे, तूच घेऊन जा."

आणि त्याने घेतलं की राव! दोन बोटांनी, अगदी जपून, शर्टाच्या खिशात.