विश्वासातलं माणूस

दर वर्षी होस्टेलवर नव्या मुली आल्या की त्यांना सावध करायचं काम रेक्टरबाई माझ्या गळ्यात घालतात. मी शेवटच्या वर्षाला आहे, आवाज खणखणीत आहे आणि माझा जगावर काडीचा विश्वास नाही, एवढी पात्रता त्यांना पुरते. मुली मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापड्या. मी हॉलमध्ये उभी राहून सांगते की कार्ड दाखवून दार उघडलंत तर पाठोपाठ कुणाला आत घेऊ नका, तो कितीही गोड हसला तरी. कानात गाणी कोंबून रस्त्याने चालू नका. खोलीचा नंबर सांगत सुटू नका. अनोळखी मेसेजला उत्तर देऊ नका, पण तो पुसूनही टाकू नका. आणि विश्वासातल्या एखाद्या माणसाला आपल्या फोनचं लोकेशन कायम दिसेल असं करून ठेवा, म्हणजे आपण कुठे आहोत हे जगात कुणाला तरी माहीत असेल.

यंदा माझ्या खोलीत आलेली मुलगी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होती. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण खाते चिमणीएवढं आणि चिवचिव मात्र दिवसभर. माझं बोलणं संपायच्या आत तिने फोन काढला आणि एकाला सांगितलं तर दोघांना लोकेशन देऊन टाकलं. एक मी आणि दुसरा तिचा दादा. मीही माझं तिला दिलं.

दादाचं तिला फार कौतुक. तिला इतक्या लांब शिकायला पाठवण्यावरून घरात रणकंदन झालं होतं. दादाचं स्वतःचं शिक्षण दुकानापायी अर्ध्यात सुटलेलं, तरी तोच मध्ये पडला आणि 'मी लक्ष ठेवतो तिच्यावर' म्हणाला, तेव्हा कुठे वडील तयार झाले. अट एकच. तिथून एक जरी वेडीवाकडी गोष्ट कानावर आली, तर बॅग भरायची आणि घरी यायचं. पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाही.

सहामाही परीक्षा जवळ आली आणि मेसेज सुरू झाले. नंबर अनोळखी. पहिला आला, 'मागच्या गेटने का गेलीस?' मग, 'ग्रंथालयात आज बराच वेळ होतीस.' मग, 'औषधाच्या दुकानात काय काम होतं?' एकही शिवी नाही, एकही चावट शब्द नाही. म्हणूनच जास्त अंगावर काटा यायचा. चिमणीचं बोलणं बंद झालं. ती रस्त्यात चालता चालता वळून बघायला लागली, आणि रेक्टरबाईंकडे जाऊ म्हटलं की माझे हात धरायची. रेक्टरबाई घरी कळवणार, आणि घरी कळलं की बॅग भरणं आलंच.

तेव्हा तपास मी हातात घेतला, आणि माझ्या पद्धतीने घेतला, म्हणजे सरसकट सगळ्यांवर संशय, जवळच्यांनाही वगळायचं नाही, असं चिमणीला बजावून. गेटवरच्या वॉचमनला चिमणीच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ होत्या. ग्रंथालयातला कारकून तिला पुस्तकं काढून ठेवायचा, फार आपुलकीने. पण माझी खरी नजर होती ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यावर. त्याच्या काचेतून मागचं गेट, औषधाचं दुकान, सगळं दिसायचं, आणि एकदा त्याने चिमणीला 'आज उशीर झाला का?' म्हणून विचारलंही होतं. मी दुकानात जाऊन चार लोकांत त्याला फैलावर घेतलं. बिचारा थंडपणे म्हणाला, ताई, सगळ्याच गिऱ्हाइकांना विचारतो. त्या दिवसापासून मी गेले की त्याचं मशीन बंद पडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, पण ते पुढे कळलं.

कळलं ते असं. प्रयोगशाळेत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून एका दुपारी चिमणीने तिचा फोन माझ्याकडे दिला आणि मी तो घेऊन कँटीनमध्ये चहा पीत बसले. फोन माझ्या हातातच वाजला. 'कँटीनमध्ये बसायला पाठवलंय का तुला?'

मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक टेबल, प्रत्येक चेहरा. मग डोक्यात प्रकाश पडला. चिमणी इथे नव्हतीच. ती चार इमारती पलीकडे नळ्या विसळत होती. इथे फक्त तिचा फोन होता. मी जुने मेसेज परत वाचले. तिने काय घातलंय, केस कसे बांधलेत, बरोबर कोण आहे, एका मेसेजात एक अक्षर नाही. फक्त जागा. हा माणूस तिला कधी बघतच नव्हता. तो फोन बघत होता.

संध्याकाळी खोलीत मी तिला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तशा नजरेने मी आजवर लोकांकडे पाहत आलेय, पण ती आपल्यावर रोखली की कसं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

"माझा फोन कुठे आहे ते दोघांनाच दिसतं," ती म्हणाली. "तुला आणि दादाला."

मग ती उशी उचलून शेजारच्या खोलीत झोपायला गेली. मला राग आला, आणि खरं सांगते, रडूही आलं. पण संशय घेताना जवळच्यांना वगळू नका, हे मीच शिकवलं होतं. फक्त तिने तो नियम मला लावला होता आणि दादाला वगळलं होतं.

सकाळी कळलं की तिने आदल्या रात्री दादाला फोन करून सगळे मेसेज रडत रडत सांगितले. दादा म्हणाला, घाबरू नकोस, रविवारी न्यायला येतो. बॅग भरून ठेव.

मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पण एक कर. तुझं लोकेशन मला दिसायचं बंद कर, दादाला दिसू दे. फोन दुसऱ्या कुणाकडे तरी दे आणि कुणाकडे दिलास ते मला सांगू नकोस. मेसेज आला नाही तर मी दोषी, तू खुशाल घरी जा. आला, तर तो कुणालाही दाखवायचा नाही. दादालाही नाही.

ती माझ्यावर चिडली. दादाबद्दल असं सुचतं तरी कसं, तुझं मनच किडकं आहे, असं पुष्कळ बोलली. पण केलं तिने. दुपारभर ती माझ्या डोळ्यांसमोर वाचनकक्षात बसून होती, मला एकटं सोडायला तयार नव्हती. वनस्पतिशास्त्राची एक मुलगी संध्याकाळी फोन परत घेऊन आली, तेव्हा तिच्या बुटांना चिखल होता. चिमणीने फोन बघितला आणि माझ्यापुढे धरला. 'तळ्याकाठी एकटी बसतेस. भीती नाही वाटत?'

"त्याचा फोन कुणीतरी वापरत असेल," ती म्हणाली. "दुकानात किती माणसं येतात-जातात."

मलाही तसंच असावं असं वाटत होतं, एवढं तिचं तोंड बघवत नव्हतं.

रविवारी दादा आला. नेटका होता बघा, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, रेक्टरबाईंना वाकून नमस्कार. भेटीच्या खोलीत मला त्याने 'ताई' म्हटलं आणि बहिणीला सांभाळल्याबद्दल आभार मानले. चिमणीची भरलेली बॅग दाराशी होती. त्याच्याकडून मेसेजचं कळल्यावर रेक्टरबाई त्याला समजावत होत्या की आपण रीतसर तक्रार करू, माणूस सापडेल, वर्ष वाया घालवू नका. तो मान हलवत होता.

"बाई, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण धोका किती घ्यायचा? परवाचंच घ्या. तळ्याकाठी एकटीच बसली होती ही. तिथे कुणी गाठलं असतं तर?"

काखेत कळसा होता आणि आम्ही गावभर हिंडलो होतो. मी काही बोलणार तेवढ्यात चिमणीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दादा, मी तळ्यावर गेलेच नव्हते," ती म्हणाली. "फोन गेला होता. आणि हे मी तुला सांगितलंही नव्हतं."

दादाने आधी रेक्टरबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी, नाइलाजाने, तिच्याकडे. आरोप त्याने नाकारला नाही, एवढं मात्र म्हणेन.

"तुझ्या काळजीनेच गं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, महिनाभरात कंटाळून येशील आपणहून. तू तर रमलीस."

काळजी. मला त्याला बरंच ऐकवायचं होतं. कुंपणच शेत खायला लागलं तर राखणदाराने करायचं काय, हे विचारायचं होतं. पण शेवटच्या तीन शब्दांत त्याचं सगळं अर्धं राहिलेलं शिक्षण बाहेर पडलं होतं, आणि ते चिमणीलाही ऐकू आलं होतं. ती उठली, बॅग उचलली आणि आपल्या खुर्चीमागे आणून ठेवली.

"बाबांना सांग, मी इथे ठीक आहे. त्यांनी अट घातली होती ना, मग तसली काही गोष्ट इथे घडलेली नाही. तेवढंच सांग. बाकीचं मी सांगणार नाही."

तो निघाला तेव्हा ती गेटपर्यंत गेली. मी मागे होते, कारण कुणी काही म्हणो, मी मागे असतेच. त्याच्यासमोरच तिने फोन काढला आणि त्याला आपलं लोकेशन दिसणं बंद केलं. तो रस्ता ओलांडायला लागला तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पोचलास की कळव."

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. दादा सांगत होता तिथे सगळं चांगलं आहे, अभ्यास कर, असं म्हणाले. बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली, आणि उशी आमच्या खोलीत परत आली. झेरॉक्सवाल्याची मी माफी मागितली. मशीन अजून बंदच आहे.

दादाने मात्र स्वतः काही कळवलं नाही. चिमणी मधूनच फोनवरचा नकाशा उघडून बघत बसते. त्यावर तिला फक्त मी दिसते. दादा कुठे आहे हे तिला कधीच दिसत नव्हतं. त्याचं लोकेशन त्याने तिला दिलंच नव्हतं, आणि तिनेही कधी मागितलं नव्हतं.