वीज आली आणि मी धूर ओढला

घरात विषारी धूर कधी सोडायचा हे तुम्ही ठरवता. वीज कधी घालवायची आणि कधी आणायची हेही तुम्हीच ठरवता. मग ज्या घरात धूर कोंडून ठेवलाय, त्याच घरात भरदुपारी वीज येते कशी? तुमच्या उजव्या हाताची डाव्या हाताशी ओळख नाही का? गप्प बसू नका. तो धूर मला ओढावा लागलाय, म्हणून विचारतोय.

मित्रांनो, दचकू नका, हे कचेरीतल्या साहेबांना विचारतोय, तुम्हाला नाही. तुम्हाला आधी माझी ओळख सांगतो. मी एक जुना हवेचा पंप आहे. जुना म्हणजे जन्मापासूनच जुना. आमच्या सिएनफुएगोस शहरात नवं काही मिळण्याची वाट बघत कोणी बसत नाही. जे मोडलंय त्याचंच दुसरं काहीतरी करतात. माझ्या पोटातली तारेची गुंडाळी जळलेल्या पंख्यातली, लोहचुंबक फुटक्या स्पीकरचं आणि हवा ढकलणारा रबरी पडदा सायकलच्या ट्यूबमधून कापलेला. अंगावर साबणाचा डबा. पंखे दुरुस्त करणाऱ्या एलिएसेरने मला घडवलं ते शेजारच्या मिग्दालियाच्या मुलीसाठी. त्या मुलीचं नाव लियानेत. मोबदला म्हणून त्याने कॉफीची एक पुडी घेतली आणि अर्धी तिथेच बसून पिऊन टाकली.

लियानेतची ती पहिलीच माशांची टाकी. काच एका बंद पडलेल्या दुकानाच्या खिडकीची. तळाची वाळू तिने इतकी धुतली की मिग्दालिया म्हणाली, एवढ्या मायेने कधी तांदूळ धुतले असतेस तर जेवणात खडे लागले नसते. माझ्यापासून पाण्यापर्यंत हवा नेणारी नळी सलाइनची होती, दवाखान्यातल्या मावशीने उकळून आणलेली.

मला पहिल्यांदा टाकीखाली, जमिनीवर ठेवलं. दिसायला नीटनेटकं दिसायचं. वीज गेली, मी थांबलो, आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं उतरून माझ्या पोटात शिरलं. एलिएसेरने मला उघडून उन्हात वाळत टाकलं आणि मिग्दालियाला सुनावलं, "अगं बाई, राहतेस कुठे तू? इथे वीज जाणार हे धरूनच खिळा ठोकायचा." मग टाकीच्या वर, भिंतीला, मला टांगलं.

त्यानंतर मासे आले. दोन चपटे, लांब परांचे एंजल आणि मूठभर गप्पी. मी बुडबुडे सोडायचो आणि लियानेत हनुवटी टेबलावर टेकवून बघत बसायची. शेजारपाजारच्या बायका येऊन म्हणायच्या, घरात समुद्र आणलाय हो पोरीने. खरं सांगू? मला ते ऐकायला फार आवडायचं. पण स्वस्थता म्हणून मला माहीत नाही. चालू असलो की थरथरतो, बंद असलो की वाट बघतो. वीज गेली की लियानेत वाटीने पाणी उचलून वरून ओतायची, म्हणजे पाण्यात थोडी हवा मिसळायची. हात दुखेपर्यंत ओतायची. तिला भीती एकच, आपले मासे गुदमरतील.

आता आमच्याकडची एक सवय ऐका. वीज गेली तरी कोणी पिन काढत नाही. पंख्याचं बटण चालूच, रेडिओ चालूच. कारण वीज येते तेव्हा घरच बोलून उठतं, आणि अख्खी गल्ली एका गळ्याने ओरडते, "आली!" त्या आनंदासाठी बटणं चालू ठेवतात. त्यात चूक कोणाची काढणार?

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दुपारी डासांसाठी धूर मारणारा ओस्मानी खांद्यावर यंत्र घेऊन दारात उभा राहिला. आदल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, डेंग्यू आहे, सगळ्यांनी बाहेर व्हा, दारं-खिडक्या बंद, पाऊण तास उघडायच्या नाहीत. लियानेत त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "माझे गप्पी डासांची पिल्लं खातात. तुम्ही त्यांनाच मारायला आलात?"

ओस्मानी हसला. "पोरी, माझ्या यंत्राला दोस्त कोण नि दुश्मन कोण हे कळत नाही. टाकी झाक."

तिने झाकली. ओला टॉवेल, वर गोधडी, कडेकडेने दाबून. जे करायला हवं ते सगळं तिने केलं. माझ्याकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. सकाळपासून मेलेल्या पंपाकडे कोण बघतो?

धूर भरला. दारं लागली. बाहेर गल्लीत खुर्च्या आल्या, डॉमिनोच्या सोंगट्या वाजू लागल्या. शेजारचे म्हातारे ओस्मानीला म्हणत होते, एवढा धूर केलास तर निदान डुक्कर तरी भाजायचं होतंस. आणि गल्ली ओरडली, "आली!"

मी चालू झालो.

मित्रांनो, मला नाक आहे, पण ते बंद करता येत नाही. वीज आली की मी ओढतो आणि ढकलतो. खोलीभर धूर होता, मी धूर ओढला. टॉवेलखालून, गोधडीखालून, थेट त्या माशांच्या पाण्यात सोडला. बाहेर टाळ्या वाजत होत्या. खिडकीच्या फटीतून लियानेतचा आवाज आला, "आई, पंप."

मेन स्विच आतच, स्वयंपाकघरात. मिग्दालिया दाराकडे धावली तर ओस्मानी आडवा. म्हणाला, वरून हुकूम आहे, आता दार उघडता येणार नाही.

"वरच्यांच्या घरी मासे नसतील," ती म्हणाली. "सरक."

तो सरकला नाही. त्याने गळ्यातलं फडकं तोंडाला बांधलं आणि स्वतःच आत शिरला. मास्क त्याला कोणी दिलेलाच नव्हता. स्वतःच सोडलेल्या धुरात त्याला काही दिसेना. माझ्या घरघरीच्या दिशेने खुर्च्यांना धडकत आला आणि पिन उपटली. बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ खोकत राहिला. मिग्दालियानेच त्याला पाणी दिलं.

टाकी उपसून पिंपातलं सगळं पाणी तिच्यात ओतलं, तरी गप्पी वर तरंगायला लागले होते. एक एंजल संध्याकाळी गेला. दुसरा अजून आहे, जरा तिरका पोहतो. लियानेत त्या दिवशी रडली नाही. वाळू मात्र पुन्हा काढून धुतली.

साहेब, मिग्दालिया तुमच्या कचेरीत आली होती. धुराच्या खिडकीवर सांगितलं, वीज आमच्याकडे नाही. विजेच्या खिडकीवर सांगितलं, धूर आमच्याकडे नाही. दोन्ही खिडक्या एकाच व्हरांड्यात आहेत.

मित्रांनो, तुम्ही टाकी मांडाल तेव्हा पंप उंचावर टांगा. फवारणीवाले आले की आधी पिन काढा, नळी पाण्याबाहेर घ्या आणि मगच टाकी झाका. पाण्यातला जीव आपल्या हातात दिलेला असतो, त्याला हाक मारता येत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं बोलणं फुकट गेलं नाही.

पण सगळी काळजी पोरांनीच घ्यायची का?

लियानेत आता वीज गेली की माझी पिन काढून ठेवते. ती शाळेत, मिग्दालिया कामावर, अशा वेळी वीज येते. गल्ली ओरडते, आणि मी मुका लटकत राहतो. पोरगी घरी येते तेव्हा तो उरलेला एंजल तोंड वर काढून धापा टाकत असतो. पिन लावून ठेवली तर धुराची भीती, काढून ठेवली तर हे असं. उद्या ती शाळेत निघेल. दप्तर खांद्यावर घेईल आणि पिन हातात धरून माझ्यासमोर उभी राहील, रोजच्यासारखीच.

लावून जायची की काढून? साहेब, तुम्ही सांगा तिला. उद्याच्या आत सांगा.